अहवालातला कर्ता

दिवाळी अंकातल्या समीक्षेला कवितासंग्रह लागतो, कादंबरी लागते, फार तर एखादे गाजलेले नाटक चालते. यंदा मी एका निराळ्या वाङ्मयप्रकाराविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव अहवाल. वाचकांनी नाक मुरडू नये. आमच्या नांदेड-लातूरकडे माणसाच्या जगण्यावर कवितेच्या ओळीपेक्षा अहवालाच्या ओळीचा परिणाम अधिक झालेला आहे. गावाला टँकर द्यायचा की नाही, नाल्यावर बंधारा घालायचा की नाही, घातलेला बंधारा पुरा झाला असे समजायचे की नाही, हे सारे कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर लिहून ठेवलेल्या गद्यावर ठरते. ज्या गद्यावर एवढे अवलंबून आहे, त्याची समीक्षा मात्र कोणत्याच मासिकात येत नाही. वर्तमानपत्रांत त्यातला आकडा येतो, विधानसभेत त्यावरून गोंधळ होतो. पण ते गद्य म्हणून कुणी वाचीत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. लेखापरीक्षेची विद्या मला अवगत नाही आणि भूगर्भशास्त्राचे मी एकही प्रमाणपत्र घेतलेले नाही. पण पुष्कळ वर्षे मुलांचे निबंध तपासले आहेत, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या आहेत. निबंध कुणी स्वतः लिहिला आणि कुणी मार्गदर्शकातून उतरवला, हे मास्तराला दुसऱ्या वाक्यालाच कळते. तेवढ्याच शिदोरीवर हे धाडस.

प्रथम विषयाची पार्श्वभूमी. तिच्यावाचून पुढचे कळणार नाही.

२०१२ पासूनची काही वर्षे मराठवाड्याला फार वाईट गेली. २०१४ आणि २०१५ ही दोन तर लागोपाठ. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तिचे नाव ‘जलदूत’. सणाच्या दिवशी ही आठवण काढणे बरे नव्हे हे मला कळते. पण पहिल्या आंघोळीला उटणे लावून बसलेल्या लातूरकराला, बादलीतला तांब्या उचलताना, ती गाडी आठवल्यावाचून राहत नाही.

या दुष्काळाच्या ऐन भरात, डिसेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. कृषी, जलसंधारण, लघु पाटबंधारे, वन, भूजल सर्वेक्षण अशी वेगवेगळ्या खात्यांची वेगवेगळी कामे एका छत्राखाली आणायची, दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करायची, असा संकल्प होता. नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण, सिमेंटचे नालाबंधारे, शेतातले बांध, शेततळी, डोंगरउतारावरचे सलग समतल चर, जुन्या तलावांतला गाळ काढणे, अशी कामे त्यात होती. कल्पना वाईट नव्हती. पडलेले पाणी पडल्या जागी अडवावे आणि जिरवावे, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होते. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आजही आहे. तेव्हा पाणी साठवण्याची कला आम्हांला नव्याने शिकायची नव्हती.

या अभियानाचे पहिले वाक्य, म्हणजे त्याचे घोषवाक्य, असे होते: सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९. समीक्षक म्हणून माझी पहिली हरकत इथेच आहे. शीर्षकात शेवट सांगून टाकला की लेखकाचे हात बांधले जातात. मग मधल्या प्रकरणांत पात्रे कशीही वागोत, शेवटी लग्न लावावेच लागते. खात्याचेही तसेच झाले. २०१९ साल जवळ येत गेले तसतशी गावांची ‘जलपरिपूर्ण’ म्हणून नोंद होत गेली, आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच शासनाला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पाऊस कमी पडला हा शासनाचा दोष नव्हे. पण टंचाईमुक्तीचे वर्ष दोन महिन्यांवर आले असताना १५१ तालुक्यांची यादी निघते, तेव्हा मधली प्रकरणे कुणी आणि कशी लिहिली हे पाहणे भाग पडते.

ते पाहण्याचे काम भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ज्यांना सगळे ‘कॅग’ म्हणतात त्यांनी, केले. त्यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणे आणि भूजलाची पातळी वाढवणे या दोन्ही उद्दिष्टांवर फारसा परिणाम दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष. काही गावांत भूजल वाढण्याऐवजी खाली गेलेले आढळले. गरज भागेल इतका साठा नसतानाही गाव जलपरिपूर्ण ठरवल्याची उदाहरणे सापडली. बांधलेल्या कामांच्या देखभाल-दुरुस्तीची तजवीज नव्हती. आणि पाणी थोडे वाढले तिथे जास्त पाण्याची पिके वाढून ते उपसले गेले. हा शेवटचा मुद्दा आमच्या उसाच्या पट्ट्यात कुणाला नव्याने सांगायला नको.

आता गद्याकडे येतो.

खात्याच्या कागदांत एक वाक्यरचना पावलोपावली भेटते: ‘करण्यात आले’. खोलीकरण करण्यात आले. गाळ काढण्यात आला. ग्रामसभा घेण्यात आली. पाहणी करण्यात आली. गाव जलपरिपूर्ण घोषित करण्यात आले. व्याकरण शिकवणाऱ्या मास्तराला या रचनेचे फार नवल वाटते. वस्तुतः मराठीचा कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवीत नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य कर्मणी आहे, क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. पण राम वाक्यात पहिल्या जागी, ‘ने’ प्रत्यय लावून, चांगला ठसठशीत उभा आहे. आंबा कुणी खाल्ला याचा संशयच नाही. कचेरीच्या मराठीने काय केले? आंबा ठेवला, खाणे ठेवले, आणि राम तेवढा काढून टाकला. ‘आंबा खाण्यात आला.’ आपली आई घरी असे कधी बोलत नाही. दुधाचे पातेले कलंडले तर ती ‘दूध सांडण्यात आले’ म्हणत नाही, ‘कुणी सांडलं?’ असे विचारते.

गेल्या वर्षी वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले: नाल्याचे खोलीकरण करण्यात आले. मुलांना सांगितले, यात कर्ता घाला. एकाने लिहिले, ‘सरकारने नाला खोल केला.’ दुसऱ्याने, ‘पोकलेनने नाला खोल केला.’ तिसऱ्याने लिहिले, ‘माझ्या मामाने नाला खोल केला’, आणि वर्गात हशा पिकला. पण त्याचा मामा खरोखरच पोकलेन चालवतो. तिन्ही उत्तरांना मी पूर्ण गुण दिले. मामा यंत्राच्या तासांचे पैसे घेऊन गेला, पोकलेन दुसऱ्या तालुक्यात गेले, आणि सरकार तर सगळीकडेच असते. मात्र इतके खोल खणावे, इथेच खणावे आणि आता पुरे, हे ज्याने ठरवले तो तिन्ही वहींत नव्हता. मुलांना तो माहीत नव्हता, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

हे ठरवणे किरकोळ नाही. लातूर जिल्हा बहुतेक सगळा काळ्या बेसाल्टवर बसला आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि फटींत. नाला मुरमापर्यंत उकरला तर पाणी मुरते. फार खोल उकरला तर आजूबाजूच्या विहिरींचेच पाणी झिरपून नाल्यात येते आणि उन्हात उडून जाते. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, खडक बदलतो. तिथे ग्रॅनाइट लागतो आणि पाण्याची रीतही बदलते. म्हणजे एकाच अभियानाचे एकच वाक्य, ‘खोलीकरण करण्यात आले’, औशाला एक अर्थ देते आणि देगलूरला दुसरा. अहवालाच्या गद्याला हा फरक झेपत नाही. त्याला मीटर झेपतात.

मीटरांविषयी एक आप्पा मला फार मार्मिक बोलले. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे सांगण्याचे कारण नाही. त्यांची हयात बांध आणि नाले मोजण्यात गेली. मी त्यांच्या ओसरीवर बसून हाच विषय काढला.

“गुरुजी,” ते म्हणाले, “मोजमाप पुस्तकात समदं असतंय बगा. लांबी असती, रुंदी असती, खोली असती. एकच रकाना नसतोय.”

“कोणता, आप्पा?”

“फुडल्या उन्हाळ्याचा.”

मग सुपारी कातरीत म्हणाले, “खड्डा मोजला की बिल निघतंय. पाणी मोजलं तर काय निघतंय? तुमीच सांगा. ज्याचं बिल निघत नाही ते कोण मोजायलंय?”

खात्याच्या अंतर्गत पाहणीवर एवढी नेमकी टीका मी कोणत्याही छापील पानावर वाचलेली नाही. या बोलण्यात कुणावर चोरीचा आळ नाही. प्रामाणिक माणूससुद्धा, खड्डाच मोजायला सांगितला तर, खड्डाच मोजणार. एकेका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात, त्यात पंचनामे, पीककापणीचे प्रयोग, निवडणुकीची कामे. शिक्षकांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. आम्हीही जनगणनेपासून सगळे करतो. तेव्हा खालच्या माणसाला झोडपण्यासाठी हा लेख नाही.

पण ज्याने काम केले, त्यानेच ते मोजायचे, त्याच्याच वरच्याने ते तपासायचे आणि त्याच खात्याने ते यशस्वी झाले असे जाहीर करायचे, ही रीत वाङ्मयात आपण एक दिवसही चालू देणार नाही. मी कादंबरी लिहावी, मीच तिचे परीक्षण लिहावे, माझ्या थोरल्या भावाने ‘परीक्षण योग्य आहे’ असा शेरा मारावा आणि धाकट्याने पुरस्कार द्यावा! वाचक म्हणतील, घरची दिवाळी घरातच झाली. शाळेची तपासणीही आम्ही अशीच पाहिलेली आहे. साहेब येणार हे आठ दिवस आधी कळते, भिंतींवर तक्ते लागतात, हुशार पोरे पुढच्या बाकांवर येतात, आणि शेरेबुकात ‘समाधानकारक’ पडते. त्या शब्दाने कुणाचे वाचन सुधारले नाही. उलट लातूरला परीक्षेचा अर्थ कळतो तो बाहेरच्या परीक्षकामुळे. सबंध महाराष्ट्रात गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला तो परक्या माणसाने, नाव न पाहता तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर. ज्या गावाने मुलांच्या गुणांसाठी बाहेरचा परीक्षक मान्य केला, त्याने बंधाऱ्याच्या गुणांसाठी आतला परीक्षक का चालवून घ्यावा?

खात्यापाशी पाहणीची साधने नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि कामानंतरचे छायाचित्र घ्यावे, ते ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसह चढवावे, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा, शिवारफेरी काढून ग्रामसभेत आराखडा मंजूर करावा, अशी चांगली कलमे होती. मला त्यांतला ताळेबंद फार आवडतो. आपल्या गावात पाऊस किती पडतो, त्यातला किती अडतो, माणसांना, गुरांना आणि पिकांना किती लागतो, हे गावाने बसून मांडायचे. वाण्याच्या वहीइतकी सोपी गोष्ट. पण ताळेबंदाचा जमाखर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला तरच तो ताळेबंद. कपाटात राहिला तर ती रद्दी. आणि उसाचे पाणी खर्चात धरायला कुठल्या गावाचे मन धजते, हेही पाहायला हवे. भूजलाचा २००९ चा कायदा ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेऊ नये म्हणतो. म्हणजे दोनशे फूट. लातूर जिल्ह्यात दोनशे फुटांवर थांबलेला बोअर दाखवणाऱ्याला मी फराळाचे ताट देईन. इथे अहवालातला हरवलेला कर्ता एकटे खाते नाही, हे कबूल केले पाहिजे.

कॅगच्या अहवालाची भाषा कशी आहे? तीही फार वेगळी नाही. तिच्यातही ‘आढळून आले’ आहे, ‘निदर्शनास आले’ आहे. तरी एक फरक आहे. खात्याचे गद्य ‘झाले’ म्हणून थांबते; लेखापरीक्षेचे गद्य ‘झाले का?’ असे विचारते आणि जागेवर जाऊन पाहते. सहा जिल्ह्यांतली १२० गावे त्यांनी निवडली: अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड, बुलढाणा, नागपूर, नाशिक आणि सोलापूर. मराठवाड्यातून एकटा बीड. नांदेड नाही, लातूर नाही. ज्या शहरासाठी पाण्याची आगगाडी धावली, त्याच्या जिल्ह्यातले एकही शिवार या परीक्षेला बसलेले नाही.

अभियानाची बाजू मांडणाऱ्यांनी नेमके इथेच बोट ठेवले. बावीस हजारांहून अधिक गावे, सहा लाखांहून अधिक कामे, आणि तुम्ही १२० गावे पाहून निकाल देता? ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१६ च्या चांगल्या पावसात अनेक नाले तुडुंब भरले होते, विहिरींना पाणी आले होते, रब्बीचा हरभरा साधला होता. ते पाहिलेल्या शेतकऱ्याला तो अहवाल अन्यायाचा वाटला तर नवल नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करणे आपल्या स्वयंपाकघरात रोजचे आहे. कुणी सबंध पातेले चिवडून पाहत नाही. शीत कच्चे निघाले तर शहाणी गृहिणी ‘एवढ्या भातात एकच शीत पाहिलंस’ म्हणून सुनेशी भांडत बसत नाही. झाकण ठेवते, आच वाढवते. १२० गावे थोडी वाटत असतील तर उरलेल्या बावीस हजारांची परीक्षा खात्याने स्वतःच मागून घ्यायला हवी होती.

झाले निराळेच. अहवाल आला तेव्हा अभियान सुरू करणारे सत्तेत नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या मंत्रिमंडळाने चौकशी ठरवली आणि पाठोपाठ निवृत्त अपर मुख्य सचिव विजयकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२२ च्या जूनअखेर सरकार पुन्हा बदलले, आणि त्या डिसेंबरात जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा मंजूर झाला. एका सरकारने ज्याला आरोपी म्हटले, त्याला दुसऱ्याने दोन वर्षांत सन्मानाने परत बोलावले. यांतले बरोबर कोण, हा माझा विषय नाही. वाचक म्हणून माझी तक्रार एवढीच की, पहिल्या भागाची समीक्षा पुरती वाचली जाण्याआधीच दुसरा भाग छापायला गेला.

बाहेरून विचारणारे त्याआधीही होते. अर्थतज्ज्ञ ह. मु. देसरडा यांनी ही कामे अशास्त्रीय रीतीने चालली आहेत, माथ्यापासून पायथ्याकडे पाणलोटाच्या क्रमाने व्हावीत, अशी हरकत घेऊन उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. शेजारच्या परळी तालुक्यात तर कामांतल्या गैरव्यवहारावरून खात्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. पण प्रत्येक वेळी बाहेरच्या माणसाने दार ठोठावावे लागले. आतून कडी निघाल्याचे उदाहरण पाहायचे तर शेजारच्या, जलसंपदा खात्यात जावे लागते. तिथले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये आपल्याच खात्याच्या प्रकल्पांविषयी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. त्या पत्राने राज्यात काय खळबळ उडाली, पुढे माधवराव चितळे यांची समिती कशी नेमली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्या प्रकरणात वाङ्मयीन दृष्टीने एकच गोष्ट मोठी वाटते: त्या मजकुराला कर्ता होता. लिहिणाऱ्याचे नाव होते, हुद्दा होता, खाली सही होती. त्याचे म्हणणे चूक असते तर कुणाला धरायचे हे प्रत्येकाला माहीत होते. समितीच्या शंभर पानांपेक्षा अशा एका पत्राचे वजन अधिक भरते.

आणि आमच्या कादंबरीकारांनी काय केले? मराठीत या विषयाची वाट फार पूर्वी पडली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली-बंधारे बांधून पाणी मुरवण्याची योजना सांगितली, जंगल खात्याने कुरणे घेतल्याने शेतकऱ्याचे काय झाले ते सांगितले, आणि पाणीपट्टी घेणारे खाते शेतात पाणी पोचल्याची जबाबदारी घेत नाही, हेही मांडले. दीडशे वर्षे होत आली, तरी आप्पांच्या रकान्यात आणि या तक्रारीत फारसे अंतर नाही. आमच्या लातूरच्या रा. रं. बोराड्यांनी ‘पाचोळा’त शिंप्याच्या बायकोला मराठवाड्याच्या बोलीत स्वतः बोलायला लावले, तिच्या एकाही वाक्यात कर्ता हरवत नाही. विश्वास पाटलांनी धरणग्रस्तांवरच्या कादंबरीला ‘झाडाझडती’ हे नाव दिले. त्यात झाडा आहे आणि झडती आहे. दोन्ही जुन्या मराठी दप्तरातले हिशेबाचे शब्द. म्हणजे हिशेब मागण्याची भाषा मराठीला परकी नव्हे. आम्ही ती झडतीच्या पोलिसी अर्थापुरती ठेवली. लक्ष्मीकांत देशमुखांनी प्रशासनात राहून ‘पाणी! पाणी!’च्या कथा लिहिल्या, तेव्हा कचेरीच्या आतला माणूस थोडा दिसला. एरवी आमच्या ग्रामीण साहित्यातला अधिकारी जीपमधून उतरतो, कोंबडी खातो आणि निघून जातो. त्याला वरून आलेला लक्ष्यांक, मार्चअखेर, मनाविरुद्ध केलेली सही, सही न केल्यास होणारी बदली, यांतले काही आम्ही लिहीत नाही. खलनायक रंगवणे सोपे; सही करताना ज्याचा हात क्षणभर थांबतो, तो माणूस रंगवणे कठीण. अहवालाने कर्ता लपवला, आणि कादंबरीने त्याचे बुजगावणे केले. दोन्हीकडे माणूस नाहीच.

यात गाव काय गमावते? समजा, एक गाव कागदावर जलपरिपूर्ण झाले. पुढे पाऊस दगा देतो, एप्रिलात आड आटतो. सरपंच तहसीलला टँकर मागायला जातो. तिथला कारकून सरळपणे विचारणार, तुमचे गाव तर पाण्याने परिपूर्ण आहे, ही बघा नोंद. सरपंचाने कोणत्या तोंडाने काय सांगायचे? त्या नोंदीवर ग्रामसभेचा ठराव आहे, म्हणजे त्याची स्वतःची सही आहे. त्या दिवशी खरे काय ते आडाला माहीत, आणि डोक्यावर हंडा घेऊन पाऊण कोस चालणाऱ्या बाईला माहीत. पण आडाला लिहिता येत नाही, आणि बाईला कुणी अहवाल मागत नाही.

दुसऱ्या टप्प्याचे कागद आता गावोगाव तयार झाले आहेत. मी ते कादंबरीसारखे वाचायचे ठरवले आहे, आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलांना घेऊन वाचकांनीही वाचून पाहावेत. फार शिकलेले असण्याची गरज नाही. जिथे जिथे ‘करण्यात आले’ दिसेल तिथे पेन्सिलीने ‘कोणी?’ असे लिहावे. जिथे मीटर दिसतील तिथे ‘पाणी किती, आणि कुठल्या महिन्यात?’ असे लिहावे. पहिल्या टप्प्यातला बंधारा दुसऱ्या टप्प्यात पुन्हा नवा म्हणून आला आहे का, ते शिवारात फिरून पाहावे. थंडीही छान पडलेली असते. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर बसल्या की चोरीला गेल्या, हे दिवाळीत जितके स्पष्ट दिसते तितके पुढे दिसत नाही. परतीचा पाऊस संपलेला असतो आणि अडवायचे तेवढे शेवटचे पाणी नाल्यातून चाललेले असते.

माझ्या गावचा आराखडा मी ग्रामपंचायतीत मागितला आहे. ग्रामसेवक भला माणूस आहे. कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सासुरवाडीला, तेव्हा भाऊबीज झाली की या, असे त्याने सांगितले आहे.